‘सार्वजनिक प्रयोजना’ची वंशावळ मांडायची आहे, सुरुवात कुठून करू?

खाडीकाठ (खारघर)

एम.ए. राज्यशास्त्र, दुसऱ्या वर्षाचा प्रबंध. साधारण वीस पानं. विषय भूसंपादनातलं ‘सार्वजनिक प्रयोजन’, आणि उदाहरण नवी मुंबईसाठी १९७० पासून घेतलेल्या ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीचं. पद्धत वंशावळीची, म्हणजे जीनिऑलॉजीची, आज स्वाभाविक वाटणारी कल्पना कशी घडत गेली ते शोधणारी: जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं १८८७ चं नीतीच्या वंशावळीवरचं पुस्तक, फ्रेंच विचारवंत फुकोचा नीत्शेवरचा १९७१ चा निबंध आणि तुरुंगावरचं १९७५ चं पुस्तक वाचून झालं आहे. वाचताना पटतं, पण स्वतः लिहायला बसलं की साधा इतिहासच कागदावर उतरतो.

तीन ठिकाणी अडकले आहे. कामाच्या पातळीवर इतिहास आणि वंशावळ यांत नेमका फरक काय, आणि मागे किती जायचं? कौटिल्यापर्यंत, १८९४ च्या भूसंपादन कायद्यापर्यंत की १९७० पर्यंत? दुसरं, मार्गदर्शकांचा आक्षेप: एखादी गोष्ट कशी जन्मली यावरून ती योग्य की अयोग्य हे ठरत नाही, मग या सगळ्या खटाटोपातून सिद्ध काय होणार? आणि तिसरं, गावातली वयस्क माणसं जे सांगतात ते या पद्धतीत कितपत चालतं?

जुना दस्त (ठाणे)

कौटिल्य सोडून द्या. ‘आपल्याकडे राजा प्रजेच्या हितासाठी जमीन घेत असे’ असं लिहिलंत की पहिल्याच पानावर उगमकथा सुरू होते, आणि उगमकथा मोडून काढणं हे तर या पद्धतीचं पहिलं काम आहे. फुको त्या निबंधात हेच सांगतो: सुरुवातीला एक शुद्ध बीज होतं आणि पुढे ते उमललं, असं गृहीत धरू नका. सुरुवातीला सापडतात ती वेगवेगळ्या कामांसाठी केलेली, एकमेकांशी न जुळणारी किरकोळ साधनं.

मागे किती जायचं याचं उत्तर तारखेत नाही, वाक्यात आहे. आज कुणालाही न खटकणारं एक वाक्य निवडा. तुमच्या विषयात ते असं असेल: ‘शहराच्या विकासासाठी जमीन घेणं हे सार्वजनिक प्रयोजन आहे.’ आता हे वाक्य ऐकणाऱ्या जाणत्या माणसाला ‘म्हणजे काय?’ असं विचारावंसं वाटलं असतं, तिथपर्यंत मागे जा आणि थांबा. माझ्या मते ती जागा १९६१-६२ आहे. १८९४ हवं, पण सांगाडा म्हणून.

सांगाडा म्हणजे काय ते नीत्शेच्या दुसऱ्या निबंधाच्या १२ व्या आणि १३ व्या परिच्छेदात आहे. शिक्षा या गोष्टीत तो दोन थर वेगळे करतो. एक, करण्याची रीत, म्हणजे ठरलेल्या कृतींचा क्रम. दुसरा, त्या रीतीला वेळोवेळी चिकटवलेला अर्थ. रीत जुनी आणि चिवट असते, अर्थ बदलत राहतो, आणि आजच्या अर्थावरून रीत का जन्मली हे सांगता येत नाही. तुमचं काम सरळ यावर बेतता येईल. मोठा कागद घ्या, तीन रकाने आखा.

पहिला रकाना रीतीचा. १८९४ च्या कायद्यात कलम ४ ची अधिसूचना, ६ ची घोषणा, ९ ची नोटीस, ११ चा निवाडा, १६ चा ताबा, घाई असेल तर १७, भरपाई मान्य नसेल तर १८ खाली न्यायालयाकडे संदर्भ. हरकती ऐकून घेणारं ५-अ मुळात नव्हतं, ते १९२३ च्या दुरुस्तीने आलं. दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दल किमतीवर मिळणारी जादा रक्कम) १५ टक्क्यांची ३० टक्के झाली ती १९८४ मध्ये. एवढं सोडलं तर हा कायदा संपेपर्यंत, म्हणजे ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत, क्रम जवळपास तोच राहिला.

दुसरा रकाना अर्थाचा: याच क्रमाने कशाकशासाठी जमीन घेतली गेली. रस्ते, कालवे, रेल्वे. मग मुळशीचं धरण, ज्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह उभा राहिला. मग गृहनिर्माण, कारखाने, आणि शेवटी एक अख्खं शहर.

इथे घाई करू नका, कारण सगळा रस १९६२ च्या आसपास आहे. कंपनीसाठी जमीन घ्यायची तर कायद्याचा भाग ७ लागत असे, आणि त्यात अट होती की होणारं काम जनतेला उपयोगी पडणारं हवं. जनतेला ते कोणत्या अटींवर वापरता येईल हे करारात लिहावं लागे. आर. एल. अरोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६१ मध्ये याचा सरळ अर्थ लावला: त्या कामाचा वापर थेट जनतेला करता आला पाहिजे, कारखान्यात माल तयार होतो आणि तो लोक विकत घेतात, एवढ्याने भागत नाही. १९६२ मध्येच संसदेने कायदा दुरुस्त केला. आता सार्वजनिक प्रयोजनाच्या उद्योगात गुंतलेल्या कंपनीच्या इमारतीसाठी किंवा कामासाठीही जमीन घेता येऊ लागली. ‘लोक वापरतील’ हा निकष जाऊन ‘लोकांच्या भल्याचं आहे’ हा आला. आणि भलं कशात आहे हे सांगणारं सरकार.

त्याच सुमाराचा दुसरा खटला सोमवंतीचा. कलम ६ च्या परंतुकाप्रमाणे भरपाईचा काही भाग तरी सरकारी तिजोरीतून यावा लागे. पंजाब सरकारने एका कारखान्यासाठी जमीन घेताना तिजोरीतून १०० रुपये मंजूर केले होते. बहुमताच्या निकालाने ते पुरेसे मानले, न्या. सुब्बा राव यांनी वेगळं मत दिलं. या १०० रुपयांवर प्रबंधात दोन पानं खर्च करा. ‘सार्वजनिक’ हे विशेषण इथे एका हिशेबाच्या नोंदीने पुरं होतं. अशी जागा सापडली की वंशावळ चालू झाली असं समजा. इतिहासकार ही नोंद घटनाक्रमात मांडून पुढे जाईल. तुम्हाला विचारायचं आहे की एवढ्याशा नोंदीवर एवढं मोठं विशेषण उभं राहू शकलं ते कोणत्या गोष्टी आधीच जागेवर होत्या म्हणून.

एक सावधगिरी. नवी मुंबईची जमीन कंपनीसाठीच्या भाग ७ खाली घेतलेली नाही. ती शासनाच्या नावे संपादित होऊन नवनगर विकास प्राधिकरण म्हणून सिडकोच्या हाती गेली. त्यामुळे अरोरा आणि सोमवंती ही ‘कारणं’ म्हणून जोडलीत तर कायद्याचा कोणीही जाणकार तुमचा मुद्दा एका मिनिटात खोडेल. ती अर्थाच्या रकान्यातली वळणं आहेत. एवढंच म्हणा की १९७० मध्ये ‘शहर वसवणं’ हे प्रयोजन म्हणून उच्चारता येईल अशी भाषा त्याआधीच्या दहा वर्षांत तयार झाली होती.

तिसरा रकाना बहुतेक जण विसरतात: या प्रक्रियेतून माणूस कोण म्हणून बाहेर पडतो. नोटिशीत तो ‘हितसंबंधित व्यक्ती’ असतो, निवाड्यात खातेदार, राज्याच्या १९७६ च्या पुनर्वसन कायद्यात विस्थापित, १९८६ आणि १९९९ च्या कायद्यांत प्रकल्पबाधित, आणि आपल्याकडे रोजच्या बोलण्यात प्रकल्पग्रस्त, दाखला हाती असलेला. यातली प्रत्येक ओळख कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते ते गावाच्या पातळीवर दाखवा.

आणि खातेदार हाही जमिनीइतका जुना नसतो. कुळकायदा १९४८ चा, पण कुळं मालक झाली ती १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून. त्यामागे कुलाबा जिल्ह्यातला चरीचा १९३३ ते ३९ चा शेतकरी संप आहे, खोती रद्द करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडलेलं विधेयक आहे, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आहे. म्हणजे १९७० मध्ये ज्या मालकीची भरपाई ठरली, ती कुळांच्या बाबतीत जेमतेम तेरा वर्षांची होती आणि तीही दुसऱ्या एका सार्वजनिक प्रयोजनातूनच आली होती. ‘पिढीजात जमीन शासनाने घेतली’ हे वाक्य भावनेने खरं असेल, पण तुम्ही ते तसंच उचललंत तर हाताशी आलेला सगळ्यात मोलाचा धागा सुटेल.

मासुंदा (ठाणे)

वरचे तीन रकाने उत्तम आहेत, पण मार्गदर्शकांच्या आक्षेपाला त्यांतून उत्तर मिळत नाही. आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नका.

‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’ या म्हणीमागे भीती अशी की मूळ कळलं तर मोल उतरेल. जी वंशावळ याच भीतीवर जगते, म्हणजे ‘हा कायदा इंग्रजांनी केला म्हणून तो वाईट’, ती कच्ची. इंग्रजांनी केलेले पुष्कळ कायदे आपण विचारपूर्वक ठेवले आहेत.

मग मूळ केव्हा लागू पडतं? आजचं समर्थनच जेव्हा भूतकाळाबद्दलच्या एखाद्या विधानावर टेकलेलं असतं, तेव्हा. तुमच्या विषयात अशी तीन विधानं सर्रास ऐकू येतात: दुसरा मार्गच नव्हता, लोकांचं ऐकून घेतलं होतं, लोकांनी पैसे घेतले, म्हणजे संमती होती. ही तिन्ही इतिहासाबद्दलची विधानं आहेत. ती खोटी किंवा अर्धवट निघाली तर युक्तिवादातला एक आधार निखळतो. यात तर्कदोष नाही. म्हणून वंशावळ लिहिण्याआधी समर्थनाच्या वाक्यांची यादी करा आणि ज्या वाक्यात भूतकाळ दडला आहे त्याखाली रेघ ओढा. ज्यात नाही, उदाहरणार्थ ‘मुंबईवरचा ताण कमी व्हायला हवा होता’, त्याला वंशावळ हात लावू शकत नाही. त्यावर सरळ वाद घाला.

तिसरं विधान जवळून पाहा. १८९४ च्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे भरपाईची रक्कम हरकत नोंदवून स्वीकारता येत असे. हरकत न नोंदवता घेतली की कलम १८ खाली दाद मागायचा रस्ता बंद. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर अर्जाची मुदत निवाड्यापासून सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतलं जे आधी संपेल ते. ज्याला हे ठाऊक नाही आणि जो पावतीवर अंगठा देऊन मोकळा होतो, त्याची ‘संमती’ कायद्याच्या दृष्टीने पूर्ण झालेली असते.

इथे ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सची कसोटी उपयोगी पडते. त्याचं म्हणणं असं: सत्ता योग्य आहे हे लोकांनी मान्य केलं, एवढ्याने ती योग्य ठरत नाही, जर ती मान्यताच त्या सत्तेने घडवलेली असेल. आणि त्याची दुसरी बाजू: एखादी प्रथा कशी घडली हे पूर्ण कळल्यावरही आपण ती मनापासून धरून ठेवू शकतो का? काही प्रथा या कसोटीत टिकतात. विल्यम्सने २००२ मध्ये सत्यनिष्ठेची वंशावळ मांडली ती सावरणारी आहे, मोडणारी नाही. एडवर्ड क्रेगने १९९० मध्ये ज्ञानाच्या संकल्पनेबद्दल तसंच केलं, आणि त्यांच्या फार आधी ह्यूमने न्यायाबद्दल. तेव्हा निकाल आधी ठरवून बसू नका. मला वाटतं हरकतींची सुनावणी ही गोष्ट, तिची आजवरची अंमलबजावणी कितीही दुबळी असली तरी, या कसोटीत टिकेल. आणि कलम ६(३), ज्यात सरकारची घोषणा हाच प्रयोजनाचा निर्णायक पुरावा मानला होता, ते टिकणार नाही. पण हे तुम्ही दाखवायचं.

दोन गोष्टी मिसळू नका. क्रेग किंवा ह्यूम कल्पित आद्यस्थितीपासून सुरुवात करतात. रूसोही १७५५ च्या विषमतेवरच्या निबंधात तथ्यं बाजूला ठेवतो असं सांगूनच पुढे जातो. नीत्शेचा आणि फुकोचा आग्रह प्रत्यक्षात घडलेल्या, कागदावर सापडणाऱ्या गोष्टींचा आहे. एकाच परिच्छेदात ‘समजा, माणसं पहिल्यांदा एकत्र आली’ आणि ‘१९२३ ची दुरुस्ती’ आली की वाचकाला कशावर विश्वास ठेवायचा हे कळेनासं होतं.

आणखी एक. हाबरमासने १९८५ मध्ये आणि त्याआधी नॅन्सी फ्रेझरने फुकोला विचारलं होतं: सगळीकडे सत्ताच असेल तर विरोध का करायचा? फुकोच्या वतीने पुष्कळ उत्तरं दिली गेली आहेत. तुम्ही त्या वादात न शिरता मूल्याचं गृहीतक उघडपणे एका वाक्यात लिहा, उदाहरणार्थ ‘ज्याची जमीन जाते त्याला प्रयोजनावर प्रश्न विचारता आला पाहिजे.’ ते वंशावळीतून निघालं असा आव आणू नका. ते तुमचं आहे, त्याचं समर्थन वेगळं द्या.

फेरफार (सीबीडी बेलापूर)

पद्धतीवर वर भरपूर आलं आहे, मी कागदांपुरतं लिहितो.

९५ गावं घेऊ नका. एक गाव घ्या, फार तर दोन: एक ठाणे तालुक्यातलं, एक उरण किंवा पनवेलमधलं. जिल्हा वेगळा असल्यामुळे नोंदींची रीत कुठे जुळते आणि कुठे नाही हे लगेच दिसतं. पनवेल-उरणचे १९८१ पूर्वीचे कागद ‘कुलाबा’ या नावाखाली शोधा, ‘रायगड’ टाकून सापडणार नाहीत. शहराचं नावही त्या काळात ‘न्यू बॉम्बे’ किंवा ‘नवीन मुंबई’ असं लिहिलेलं मिळेल.

क्रम असा ठेवा. आधी गावाच्या सातबाऱ्यावरून फेरफार क्रमांक काढा. संपादनाचा फेरफार मिळाला की त्यात निवाड्याचा संदर्भ असतो. त्यावरून निवाड्याची प्रत भूसंपादन कार्यालयाकडे मागा. सिडकोसाठीच्या संपादनाचं काम पाहणारी ती ‘मेट्रो सेंटर’ या नावाने ओळखली जाणारी कार्यालयं. निवाड्यात अधिसूचनेची तारीख मिळते, त्यावरून राजपत्र. उलट्या दिशेने, म्हणजे राजपत्रापासून गावाकडे गेलात तर शेकडो सर्व्हे नंबरांत हरवाल. अर्ज करताना ‘भूसंपादनाची सर्व माहिती’ असं लिहू नका. गाव, सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि हवा असलेला कागद एवढंच लिहा. सर्व माहिती मागितली की ‘माहिती विस्तृत आहे, प्रत्यक्ष येऊन पाहावी’ असं उत्तर येण्याची शक्यता फार.

निवाडा वाचताना भरपाईच्या आकड्यावर थांबू नका. जमिनीचे प्रकार कसे पाडलेत ते बघा: भातशेती, वरकस (उताराची हलकी जमीन), खाजण (खाडीकाठची खारी जमीन), मिठागर. प्रकार कोणी ठरवला आणि कशाच्या आधाराने, हे तिथे लिहिलेलं असतं. मग सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना. वहिवाट, बोजा, कुळाचं नाव तिथे राहतं, आणि एखादं नाव एका फेरफारात आहे पण पुढच्यात गायब आहे, हे तिथेच पकडता येतं.

संपादनाच्या आधीचा काळ हवा असेल तर ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर आहे, मुंबई गॅझेटियरचा १३ वा खंड, १८८२ चा, दोन भागांत. ते महसूल खात्याच्या नजरेने लिहिलंय हे ध्यानात ठेवूनच वापरा. मंत्रालय स्तरावरच्या जुन्या फायलींसाठी काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. मराठी बाजूसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय, १८९३ पासूनचं.

आता वयस्क माणसांचं. फुकोने ७ जानेवारी १९७६ च्या व्याख्यानात वंशावळीची व्याख्याच अशी केली आहे की दप्तरात पुरलेलं पांडित्य आणि अडाणी ठरवून बाजूला टाकलेलं स्थानिक ज्ञान, दोन्ही एकत्र आणायचं. तेव्हा ती ऐकायलाच हवीत. पण ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलंत तर उत्तर १९७० चं मिळणार नाही. मधे जानेवारी १९८४ आहे: दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, जासई परिसरातला गोळीबार, पाच जणांचा मृत्यू. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज जो बोलतो तो या सगळ्याच्या पलीकडे उभा राहून बोलतो, आणि त्यात गैर काही नाही, फक्त तारीख चुकवू नका. वस्तूंबद्दल विचारा. नोटीस कुठे लावली होती, ती कोणी वाचून दाखवली, बांध कोणी घालायचा, उधाणात बांध फुटला तर कोणाची माणसं जायची, मासे सुकवायला कुठली जागा होती. बांध घालणारा मजूर, मिठागरावरचा कामगार, खाडीत मासेमारी करणारा कोळी, यांना सातबारा नाही. निवाड्यात त्यांना शोधाल तर हाती काही लागणार नाही, आणि काही लागलं नाही हीच तुमच्या तिसऱ्या रकान्यातली नोंद. उरण परिसरातल्या पारंपरिक मच्छिमार कुटुंबांना भरपाई द्यावी असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आला तो २०१५ मध्ये. तोवर किती वर्षं गेली ते मोजा.

खाडीकाठ (खारघर)

सर्वांचे मनापासून आभार. कलम ३१ चा मुद्दा मला पूर्ण नवा होता. एक उपप्रश्न. परिचयाच्या प्रकरणात फुले आणि आंबेडकर यांना या पद्धतीचे पूर्वसूरी म्हणावं असा विचार आहे. ‘गुलामगिरी’ १८७३ ची, म्हणजे नीत्शेच्याही आधी चौदा वर्षं. हे कितपत धरून चालेल? आणि ५-अ १९२३ चं, मुळशीचा सत्याग्रह १९२१ ते २४ चा. सत्याग्रहामुळे सुनावणीचा हक्क आला असं म्हणता येईल का?

मासुंदा (ठाणे)

मुळशीबद्दल आधी. तारखा शेजारी आहेत एवढ्यावरून ‘मुळे’ हा शब्द लावू नका. त्या दुरुस्ती विधेयकावरची विधिमंडळातली चर्चा काढा, उद्देश आणि कारणांचं निवेदन वाचा. त्यात मुळशी दिसली तर लिहा. नाही दिसली तर दोन्ही घटना एकाच काळात, एकाच कायद्याभोवती घडल्या एवढंच लिहा. या पद्धतीची सगळ्यात जास्त बदनामी अशा उड्यांनीच होते, कारण वाचक एकदा एक उडी पकडतो आणि मग खऱ्या जागाही संशयाने वाचतो.

फुले आणि आंबेडकर यांना ‘पूर्वसूरी’ म्हणून एका ओळीत उरकू नका. नीत्शे धरून तिघांची कामं वेगळी आहेत. ‘गुलामगिरी’त फुले दशावताराच्या कथा उलट्या वाचतात: देवाचा अवतार म्हणून जे सांगितलं जातं ते त्यांच्या वाचनात आक्रमण, पराभव आणि त्यावर घातलेलं धर्माचं पांघरूण आहे. यात नीत्शेशी एक खरं साम्य आहे. पवित्र ठरलेल्या मोलामागे जिंकणं-हरणं शोधणं. फरकही तेवढाच खरा: फुल्यांना एक हरवलेलं न्याय्य राज्य हवं आहे, बळीराजाचं, आणि मूळ चांगलं होतं या श्रद्धेतून त्यांच्या टीकेला बळ मिळतं. फुकोच्या चौकटीत बसवण्यासाठी बळीराजा वगळलात तर फुले उरत नाहीत.

आंबेडकरांचा ९ मे १९१६ ला कोलंबियात वाचलेला जातींवरचा निबंध तुम्हाला जास्त जवळचा पडेल. तिथे ते जातीचा कर्ता कोण हा प्रश्नच बाजूला सारतात. मनूने जात निर्माण केली हे मत ते फेटाळतात. गटाबाहेर विवाहाच्या रीतीवर गटांतर्गत विवाह लादला गेला की स्त्री-पुरुषांच्या संख्येचा तोल सांभाळावा लागतो, आणि सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या त्या तोलाच्या युक्त्या. त्यांचं उदात्तीकरण करणारं तत्त्वज्ञान मागाहून आलं. रीत आधी, अर्थ नंतर: वर जुना दस्त यांनी सांगितलेला नीत्शेचा मुद्दा इथे स्वतंत्रपणे, आणि जास्त काटेकोरपणे आला आहे. अस्पृश्यांवरच्या १९४८ च्या ग्रंथाची प्रस्तावनाही वाचा. पुराव्याची साखळी जिथे तुटते तिथे अनुमानाला जागा किती, याचा तिथे त्यांनी उघड हिशेब दिला आहे. तुमच्या प्रबंधात दुवे तुटणारच आहेत, तेव्हा तो हिशेब तुमच्या कामाचा आहे.

जुना दस्त (ठाणे)

‘दुसरा मार्गच नव्हता’ हे मासुंदा यांच्या यादीतलं पहिलं विधान राहून गेलं, आणि माझ्या मते तुमचा प्रबंध त्याच्यावरच उभा राहील किंवा पडेल.

वंशावळ म्हणते की हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. हे हवेत म्हणून चालत नाही. दुसरा मार्ग त्या वेळी, त्या लोकांच्या हाताशी, कागदावर होता हे दाखवावं लागतं. तुमच्या सुदैवाने तो होता. मुंबई नगररचना कायदा १९१५ चा. त्यात योजनेतल्या सगळ्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सुविधांची जागा काढायची, आणि उरलेली जमीन नव्याने आखून मूळ मालकांनाच भूखंड म्हणून परत द्यायची. मुंबईच्या उपनगरांत अशा योजना झाल्या आहेत. १९५४ च्या कायद्यात ही तरतूद राहिली, आणि ज्या १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ११३ खाली नवनगराची वाट मोकळी झाली, त्याच कायद्याच्या पाचव्या प्रकरणात नगररचना योजनाही आहे. एकाच कायद्यात दोन दरवाजे. १९७० मध्ये एक उघडला, दुसरा उघडला नाही. का? शहराच्या आखणीची चर्चा, १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात आलेला कोरिया, मेहता आणि पटेल यांचा प्रस्ताव धरून, जमीन सरकारच्या हाती असण्यावर आणि तिची वाढलेली किंमत शहरासाठी वापरण्यावर भर देत होती. हे कारण प्रामाणिक होतं, त्याला त्याचं वजन द्या.

मग पुढे या. साडेबारा टक्क्यांच्या योजनेत, १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनंतर, जमिनीचा काही हिस्सा विकसित भूखंड म्हणून परत आला. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन हाती पावणेनऊ. विमानतळासाठी साडेबावीस टक्के. आणि नैना क्षेत्रात (नवी मुंबई विमानतळाभोवतालच्या अधिसूचित क्षेत्रात) त्याच सिडकोने २०१७ पासून नगररचना योजनाच हाती घेतल्या. तेव्हा न उघडलेला दरवाजा नंतर उघडला. ‘अशक्य होतं’ या विधानाला यापेक्षा भक्कम उत्तर मिळणं कठीण.

पण इथेच थांबा. ‘शक्य होतं’ म्हणजे ‘बरं झालं असतं’ असं नाही. नैनाच्या योजनांनाही शेतकऱ्यांचा विरोध आहे. नगररचना योजना मालकालाच ओळखते, त्यामुळे वर फेरफार यांनी सांगितलेला बांधावरचा मजूर आणि खाडीतला कोळी तिथेही बाहेरच राहतो. या योजना वर्षानुवर्षं रेंगाळतात हेही नोंदवा.

वीस पानांची वाटणी करायची तर आजची समर्थनं आणि त्यांतली रेघ ओढलेली वाक्यं तीन पानांत. १९६१ ते ७१ ला सात पानं, त्यांतली दोन त्या १०० रुपयांना. एका गावाचे फेरफार आणि निवाडा यांना पाच. दोन दरवाज्यांना तीन. मूल्याचं गृहीतक आणि हाबरमासचा प्रश्न उरलेल्या दोन पानांत. नीत्शे आणि फुको यांचा परिचय वेगळ्या प्रकरणात देऊ नका, जिथे लागतील तिथे आणा, आणि फुले-आंबेडकरांनाही तसंच. लिहायला सुरुवात गावाच्या पाच पानांपासून करा, कारण निवाड्याची प्रत मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अर्ज या आठवड्यात टाका.